कोणीही नसल्याचे प्रतिज्ञापत्र

पिंपळनेरच्या बसस्थानकामागील वसाहतीत राहणाऱ्या गिरधर नाना भामऱ्यांना आयुष्यात एकच गोष्ट कधी पटली नाही, आणि ती म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे. चौतीस वर्षे सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिकाचे आसन भूषवून ते निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात त्यांच्याविषयी झालेल्या गौरवपर भाषणातल्या दोन चुकाही त्यांनी आभार मानता मानता दुरुस्त केल्या. अशा माणसाला धक्का देण्याची ताकद जगातल्या फार थोड्या गोष्टींत उरते. यंदाच्या आखाजीपूर्वीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेपूर्वीच्या, आठवड्यात मात्र त्या साऱ्या गोष्टी जणू ठरवून एकाच वाटेने आल्या, आणि नानांचा जबडा जो एकदा खाली पडला तो आठ दिवस पुरता मिटला नाही.

सुरुवात क्षुल्लक होती. शेजारचे रुपचंद आबा, हे बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, सकाळच्या फेरीत सहज म्हणाले, "नाना, सरकार बायांच्या खात्यात दरमहा थेट पंधराशे टाकतं ना, त्यानं खेडी बदलायला लागली बरं का."

"बदलली?" नाना जागीच थांबले. चालता चालता वाद घालणे त्यांना अप्रशस्त वाटे. "आबा, हातात आयता पडलेला पैसा चहा, साखर आणि मोबाइलचे रिचार्ज या तीन द्वारांनी बाहेर जातो. चौथे द्वार मी अद्याप पाहिलेले नाही."

"पण तुम्ही पाहिलंय कधी?"

"पाहण्याची आवश्यकता काय? हे तर्काने सिद्ध आहे."

"तर्क म्हणजे पावती नव्हे, नाना," आबा म्हणाले. आयुष्यभर पावत्या फाडलेल्या माणसाने हे वाक्य इतक्या शांतपणे उच्चारले, की ते नानांच्या वर्मी बसले. निवृत्त कर्मचारी संघाचे वार्षिक व्याख्यान आखाजीनंतर यंदा नानाच देणार होते. त्यांनी तिथल्या तिथे विषय जाहीर केला, 'थेट रोकड : उत्थान की अधःपात?', आणि त्यासाठी एखाद्या गावात स्वतः जाऊन पुरावा गोळा करण्याची प्रतिज्ञाही केली. गाव ठरले टेंभरखेडे. कारण ते जवळ होते, आणि तिथे नानांना कोणी ओळखत नव्हते. संशोधकाने तटस्थ असावे, असे त्यांचे मत होते.

तीन दिवस खपून नानांनी प्रश्नावली रचली. बेचाळीस प्रश्न, तीन परिशिष्टे. अकरावा प्रश्न त्यांना स्वतःला विशेष आवडला होता : 'हस्तांतरित रकमेच्या अनुत्पादक विनियोगाची कारणमीमांसा (असल्यास).' तो त्यांनी पत्नीला, इंदिराबाईंना, दोनदा वाचून दाखवला. इंदिराबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "छान आहे. येताना कोथिंबीर आणा."

एखादा माणूस काही करू लागला आहे, एवढे कळले की वसाहतीतल्या लोकांना सल्ला फुटतो. एकाने छत्री न्यायला सांगितले, दुसऱ्याने गावचे पाणी पिऊ नये म्हणून बजावले. तिसऱ्याने तर 'खिशात दोन पेनं ठेवा, एकाला लोक मान देत नाहीत,' असा मोलाचा मंत्र दिला. पण सर्वांत घातक सल्ला आबांचा. "एसटीनं गेलात तर बसा म्हणूनसुद्धा कोणी म्हणणार नाही. माझ्या मेहुण्याची जीप न्या. पांढरी आहे, स्वच्छ आहे."

जीप खरोखरच पांढरी आणि स्वच्छ होती. फक्त तिच्या पुढच्या काचेवर गेल्या निवडणुकीतली 'निवडणूक कर्तव्यार्थ' अशी चिठ्ठी अजून चिकटलेली होती. ती खरवडून निघत नाही, असे मेहुण्याचे म्हणणे. नानांना त्या चिठ्ठीची अडचण वाटली नाही. किंबहुना, खरे सांगायचे तर, तिच्यामागे बसताना त्यांच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

टेंभरखेड्याच्या वेशीवर पिंपळाच्या पारावर भटू नावाचा एक शेतकरी बसला होता. त्याने पांढरी जीप पाहिली, काचेवरची चिठ्ठी पाहिली, खिशातली दोन पेने पाहिली, आणि फोन कानाला लावला. नाना खाली उतरून पँटची इस्त्री सारखी करेपर्यंत त्या फोनने आपले काम केले होते. घरात धंदा दिसला की अपात्र ठरवून सरकार बायांची नावे पंधराशेच्या यादीतून कापणार, ही आवई त्या गावात महिनाभर फिरत होतीच. कापणारा कोण, एवढाच प्रश्न शिल्लक होता. तो आता जीपमधून उतरला होता.

नानांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना दिसली ती चमत्कारिक शांतता. दारे लोटलेली, अंगणे रिकामी, माणसे भिंतीला पाठ लावून उभी. 'दारिद्र्याची अवकळा,' त्यांनी वहीत टिपून घेतले.

पहिले घर लताबाईंचे. पन्नाशीच्या या बाईंनी डोक्यावरचा पदर इतका पुढे ओढला होता की प्रश्न पदराला विचारावा लागत होता.

"या रकमेतून आपण काही पशुधन घेतले काय?"

"नही सायेब. आमनाकडे काहीच नही शे."

इतक्यात खाटेखालून, गोधडीच्या आडून, 'ब्यॅऽऽ' असा स्वर निघाला.

नानांनी चष्मा वर केला. "हे काय?"

"मनी सासू शे," लताबाई क्षणभरही न अडखळता म्हणाल्या. "तिले खोकला हुई जायेल शे."

"खाटेखाली?"

"तिले तठेच गार वाटस."

वृद्धांविषयी नानांना आदर होता. त्यांनी सांत्वनपर दोन शब्द उच्चारले आणि पुढील प्रश्नाकडे वळण्यासाठी पाहिले, तो प्रश्न जागेवर नव्हता. गोधडीच्या फटीतून एक काळे, ओलसर, दाढीयुक्त तोंड बाहेर आले होते, आणि नऊ ते सोळा क्रमांकांचे प्रश्न, अकराव्यासह, त्या तोंडात अर्धे गेलेले होते. सासूबाई रवंथ करू लागल्या, तेव्हा नाना उठले. चौतीस वर्षांत त्यांच्या लेखनाची दखल वरिष्ठांनी इतक्या तत्परतेने कधी घेतली नव्हती.

दुसरे घर पुनमचे. ही विशीतली, नुकती लग्न होऊन आलेली मुलगी. खोलीच्या मधोमध जरीच्या साडीत गुंडाळलेली, हळदकुंकू वाहिलेली, हार घातलेली कंबरेइतकी एक मूर्ती होती. पुढ्यात उदबत्ती जळत होती.

"ही आमची कुलदेवी," पुनम म्हणाली. ती बारावीपर्यंत शिकलेली असल्याने साहेबांशी शुद्ध बोलली.

नाना मूर्तिपूजेचे कडवे विरोधक; तथापि संशोधकाने स्थानिक श्रद्धांचा मान राखावा, म्हणून त्यांनी हात जोडले आणि एक पाऊल पुढे सरकले. ते पाऊल साडीखालच्या कशावर तरी पडले, आणि देवी खडखडखडखड अशी घुमू लागली. तिच्या अंगातून दोराही निघू लागला. नानांनी विरोध सोडून दिला, चपला हातात घेतल्या आणि थेट रस्ता गाठला. बाहेर आल्यावर त्यांनी लिहिले : 'ग्रामीण भागात अंधश्रद्धा प्रबळ.'

तिसरे घर त्या भटूचेच निघाले. त्याची बायको भिकुबाई, चाळिशीची, दंडाने मजबूत, अंगणात उभी होती. अंगणात मातीची तीन मोठी खापरे पालथी घातलेली होती, आणि प्रत्येकाखाली एकेक कोंबडी कोंडलेली होती. पुरणाचे मांडे भाजायची खापरे ती, हे खानदेशातल्या पोरासोरालाही कळले असते. परंतु नानांनी आयुष्यात मांडे केवळ ताटात पाहिले होते. 'कुक्कुटपालनाच्या अशास्त्रीय पद्धती,' त्यांनी टिपले. हवेत गूळ, वेलदोडा आणि शिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा असा दाट वास होता, की नानांच्या तोंडाला पाणी सुटले. त्याचे श्रेय त्यांनी आपल्या मधुमेहाला दिले.

"दरमहा जमा होणाऱ्या रकमेचा विनियोग?"

"इनियोग म्हन्जे काय, सायेब?"

"पैसे कशात गेले?"

"चहा-साखरमा," भिकुबाई म्हणाली.

नानांच्या अंगावर आनंदाचा काटा आला. इतके निर्भेळ सत्य, आणि तेही त्यांच्याच शब्दांत! पुढ्यात आलेला चहा बिनसाखरेचा होता, तरीही त्यांना विसंगती जाणवली नाही.

निघताना भिकुबाईने वाट अडवली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "सायेब, मनं नाव तं कटनार नही ना?"

आता इथे कोणताही सामान्य मनुष्य म्हणाला असता, 'बाई, मी कोण नाव कापणारा?' आणि ही कथा इथेच संपली असती. पण चौतीस वर्षांची सवय जिभेच्या टोकावर दबा धरून बसलेली असते. नाना गंभीरपणे म्हणाले, "अहवाल वर जाईल. योग्य त्या स्तरावर यथोचित निर्णय घेतला जाईल."

जीप निघाली. मागे भिकुबाई खापराला टेकून खाली बसली.

पुढले दोन दिवस नाना अपूर्व समाधानात होते. व्याख्यानाचा मसुदा अठरा पानांवर गेला. तिसऱ्या दिवशी, आखाजीला तीन दिवस उरले असता, इंदिराबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो ऐकला आणि त्या मटकन खाली बसल्या.

"माझे साठ मांडे गेले!"

मुलगी कामिनी आणि नवे जावई सुरतेहून येणार होते. लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे लेकीच्या माहेरी आमरस आणि मांडे यांवाचून जावयाला ताट वाढणे ही खानदेशात बेअब्रूच समजली जाते.

"कोठे गेले?" नानांनी विचारले. मांडे आपण होऊन घरी येतात, अशी त्यांची आजवरची समजूत होती.

"टेंभरखेड्याची भिकुबाई करून देते. मागच्या वर्षापासून. माझे गुडघे कुठे चालतात आता खापरापुढं बसायला? साक्री, धुळे मिळून साडेतीनशे मांड्यांची ऑर्डर होती बिचारीची. सगळी परत करतेय. खापरं फोडून टाकते म्हणाली."

नानांच्या हातातील अठरा पाने एकेक करून जमिनीवर उतरली.

"का?"

"कोणी साहेब आला होता म्हणे, पांढऱ्या जीपमधून. धंदा दिसला तर नाव कापतो म्हणाला. अहो, त्याच पैशातून तिनं एकेक करून सामान जमवलं. आता नाव वाचवायचं तर धंदा बुडतो, आणि धंदा वाचवायचा तर नाव. कोण मेला तो! त्याच्या ताटात माती पडो. त्याचं पेन्शन अडको. त्याच्या जिभेला..."

नाना भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिले. शापांची ती यादी इतकी परिपूर्ण होती, की एरवी त्यांनी तिच्या रचनेची प्रशंसा केली असती. पेन्शनच्या कलमापाशी मात्र त्यांनी हळूच खुर्चीच्या लाकडाला हात लावला. आपणच तो साहेब, हे सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, आणि तीस वर्षांच्या संसाराचा विचार करून मिटले.

चूक निस्तरणे भाग होते. त्यासाठी गावाला एवढेच पटवायचे होते, की गिरधर नाना हे कोणी नाहीत. हे काम नानांना सोपे वाटले, यावरून त्यांची मनःस्थिती ध्यानात यावी. आबांनी तत्काळ सल्ला दिला, "तोंडी सांगून कोण ऐकतो? प्रतिज्ञापत्र करा. स्टँप पेपरवर."

साक्रीला कचेरीबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या टंकलेखकाने नानांचे म्हणणे दोनदा ऐकले. मग तो म्हणाला, "काका, असल्याचं प्रमाणपत्र असतं. उत्पन्न असल्याचं, रहिवासी असल्याचं, जिवंत असल्याचंसुद्धा. नसल्याचा नमुना आपल्याकडे नाही."

"मी सांगतो, तुम्ही लिहा," नाना म्हणाले, आणि आयुष्यातील सर्वांत कठीण मजकूर त्यांनी उभ्याने सांगितला :

'मी, गिरधर सीताराम भामरे, वय सदुसष्ट, धंदा काही नाही, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मी अधिकारी नाही, कर्मचारी नाही, कोणत्याही शासकीय वा निमशासकीय कामी माझी नेमणूक नाही. माझ्या सांगण्याने कोणाचे काही होत नाही व न सांगितल्याने कोणाचे काही अडत नाही. सबब, मी कोणीही नाही.'

टंकलेखकाच्या यंत्रातून तो कागद बाहेर आला, तेव्हा नानांनी तो दोनदा तपासला. भाषा निर्दोष होती. एकाही शब्दावर हरकत घेता येत नव्हती, आणि तेच अधिक दुःखद होते. पुढे नोटरीने, अर्जदार कोणीही नाही हे प्रत्यक्ष माहीत असलेला एक साक्षीदार मागितला. रुपचंद आबांनी ज्या उत्साहाने सही ठोकली, तो उत्साह नाना कधीच विसरले नाहीत.

आखाजीला दोन दिवस उरले होते. नाना या वेळी एसटीने गेले. टेंभरखेड्याच्या पारावर त्यांनी गाव गोळा करायला लावले आणि गोल शिक्का मारलेला, तांबडी मोहोर लावलेला कागद सर्वांना दिसेल असा उंच धरला.

"आते तं शिक्का बी लई उना!" कोणीतरी कापऱ्या आवाजात म्हणाले.

नानांनी कागद वाचून दाखवला. लोकांच्या कानांनी त्यातले 'शासकीय', 'नेमणूक' आणि 'सत्यप्रतिज्ञेवर' एवढेच शब्द टिपले. भटूने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि साऱ्या गावाच्या मनातले बोलून दाखवले.

"साधा मानूस पाचशेना कागद करीसन सांगस का, मी साधा मानूस शे म्हनीसन? ज्याले काही लपाडनं ऱ्हास, तोच आसा कागद करस."

या युक्तिवादात नानांना एकही छिद्र सापडेना. त्यांनी आधारासाठी इकडेतिकडे पाहिले, तो ग्रामपंचायतीच्या पायऱ्या उतरून ग्रामसेवक हितेंद्र धावत येताना दिसला. नानांचा जीव भांड्यात पडला. सरकारचाच माणूस आता खुलासा करील!

"नानासाहेब, तुम्ही? आणि उभे?" हितेंद्र वाकून पाया पडला. "अरे, खुर्ची आणा कोणी! मला फायलीवर टिपणी लिहायला साहेबांनीच शिकवली. आमचे गुरू आहेत."

ग्रामसेवक ज्याच्या पाया पडतो तो कोणीही नाही, हे मानायला ब्रह्मदेवही तयार झाला नसता. घटका भरायच्या आत खुर्ची आली, तिच्यावर चादर आली, शाल आली, नारळ आला, आणि झेंडूचा एक जाड हार नानांच्या गळ्यात पडला. नाना 'नको, नको' म्हणत होते, पण साहेब लोक आधी नको म्हणतात, हे गावाला माहीत होते. "सायेब, बठ्ठा गावनी नावे ऱ्हाऊ द्या," अशी साऱ्या गावाची रदबदली करत एका म्हाताऱ्याने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. नानांच्या डोळ्यांत पाणी तरळले. आयुष्यभर ज्या सन्मानाची त्यांनी वाट पाहिली, तो सन्मान अखेर आला होता, आणि तो जितका वाढत होता तितकी भिकुबाई मागे मागे सरकत होती. तिच्या हातात मुसळ होते. ती खापरांकडे निघाली होती.

"थांबा! बाई, थांबा!" नाना खुर्चीवरून ओरडले. हारामुळे त्यांना धड उठताही येईना.

याच क्षणी पिंपळनेरकडून आलेली एसटी पाराजवळ थांबली आणि तिच्यातून, गुडघ्यांवर हात ठेवत, इंदिराबाई उतरल्या. भिकुबाईची समजूत काढायला त्या स्वतः आल्या होत्या. गर्दी पाहून त्यांनी बायकांतून वाट काढली आणि शाल, नारळ व हार यांसह स्थानापन्न झालेले आपले पती पाहिले.



"अहो!" इंदिराबाई म्हणाल्या. "तुम्ही? इथं? हारात?"

"मी सांगतो. घटनाक्रम असा की..."

"पांढरी जीप! आबांच्या मेहुण्याची! म्हणजे तो मेला साहेब तुम्हीच?"

नानांनी मान खाली घातली. हारातली दोन झेंडूची फुले गळून पडली. मग इंदिराबाईंचा आवाज चढला, आणि जसा चढला तसा तो पिंपळनेरच्या वसाहतीतून निघून थेट माहेरच्या बोलीत शिरला.

"ओ माय! हाऊ मानूस नावे कापी? याले कोथिंबीर आनाले सांगी तं मेथी लई येस! घरना नळना वायसर पाच महिना झायात, बदलाई ऱ्हायना नही! मी याले इचारीसन कधी भाजी बी कयी नही, आनि तुम्ही याना पाया पडी ऱ्हायनात?"

गर्दीत प्रथम एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. नानांनी आयुष्यात प्रथमच, एका शब्दाचाही प्रतिवाद न करता, दोन्ही हात जोडून सांगितले, "ती बोलते ते अक्षरशः खरे आहे."

"हात धुवा," इंदिराबाई म्हणाल्या. "आणि पाट्यावर बसा. भिकुबाई, पुरणाची डाळ कुठंय?"

भिकुबाई मुसळ हातात धरून उभी होती. ती नानांकडे पाहत होती. नानांनी शाल काढली, घडी घातली, हार उतरवून पाराला टेकवला, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि तिच्या अंगणात जाऊन पाट्यापुढे फतकल मारली. वरवंटा उलटा धरला. एका पोक्त बाईने तो सुलटा करून दिला. नाना पुरण वाटू लागले. पहिला गोळा उडून त्यांच्याच चष्म्यावर बसला.

भटूने तो गोळा नीट न्याहाळला आणि निकाल दिला. "नही. हाऊ सायेब नही शे."

मुसळ खाली आले ते जमिनीवर.

त्यानंतर जे घडले त्याने नानांचा उरलासुरला धीर सुटला. दारे उघडली. लताबाईंच्या घरातून खोकला झालेल्या एकूण चार सासवा आणि दोन कोकरे रांगेने बाहेर पडली. कुलदेवीने साडी फेडली आणि तिच्या सुईखालून मांडे बांधायच्या कापडी पिशव्या धडाधड निघू लागल्या. साडेतीनशे मांड्यांना पिशव्या पुनमच शिवणार होती. कोंबड्या खापरांखालून सुटल्या, चुली पेटल्या, खापरे तापली. भिकुबाईने पुरण भरलेला उंडा घेतला, दोन्ही हातांवर, थेट कोपरांपर्यंत, झुलवत झुलवत तो धोतराच्या पानासारखा पातळ केला, आणि धगधगत्या खापरावर असा टाकला, की नानांच्या तोंडून 'अरे!' एवढाच उद्गार निघाला. चौतीस वर्षे त्यांनी कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न फाटता नेले होते. पण हे कौशल्य वेगळे होते.

"हे सगळे," वरवंटा थांबवून त्यांनी विचारले, "पंधराशे रुपयांत?"

"वाटा नाना, थांबू नका," भिकुबाई खापरावरून नजर न काढता म्हणाली. नाना वाटू लागले. मग ती बोलली. "पहिला दोन महिना मी पैसाले हात बी लावा नही. आज येस, उद्या नही येवाव, काय भरवसा? तिसरा महिनाले बी उना. तव्हय मनमा इसवास बसना, मंग पहिलं खापर लिधं. चौथा महिनाले दुसरं."

"परंतु रक्कम तर लहान आहे."

"लहानच शे. एक डाव पंधराशे दिधात तं काही व्हत नही. पण दर महिनाले येस ना, त्यामा बठ्ठं व्हस. आते कुंभारले मी सांगी सकस, पुढला महिनाले देसू म्हनीसन. दुकानवाला पीठनं पोतं देस. पहिले तो माले बठा बी म्हने नही."

नानांच्या बेचाळीस प्रश्नांत हे उत्तर मावेल असा एकही रकाना नव्हता. त्यांनी ते वहीत लिहिण्यासाठी खिशाकडे हात नेला, तो हात पुरणाने भरलेला होता. त्यांनी तो पुन्हा वरवंट्यावर ठेवला.

त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने परत येऊन दुपारपर्यंत, नाना पाट्यावर होते. मध्ये एकदा त्यांनी पुरणाच्या वाटणातील एकजिनसीपणाविषयी काही सूचना मांडायला आरंभ केला. एका बाईने त्यांच्यापुढे आणखी एक पातेले ठेवले. सूचना तिथेच थांबल्या. त्यांच्या दंडांना अशी कळ लागली होती की चष्मा सरळ करायलाही हितेंद्रला बोलवावे लागले. दुपारी दोनला धुळ्याचा टेम्पो लागला. पिशव्या मोजून चढल्या, साक्रीच्या वेगळ्या, धुळ्याच्या वेगळ्या. आपल्या साठ मांड्यांची पिशवी इंदिराबाईंनी स्वतःच मांडीवर घेतली. टेम्पो वळणापार दिसेनासा झाला, तेव्हा अंगणातल्या सगळ्या बायका एकदम खाली बसल्या आणि पदराने तोंडे पुसू लागल्या. नानाही बसले. त्यांना पदर नव्हता, म्हणून त्यांनी बाहीने तोंड पुसले.

भिकुबाई कमरेचा बटवा सोडत एकेकीपाशी गेली आणि हातात पैसे ठेवत गेली. ती नानांपाशी आली, थांबली, आणि त्यांच्याही हातात शंभराच्या सहा नोटा ठेवल्या. नोटांना पुरणाचा वास येत होता.

"हे काय?" नाना दचकून उठले. "छे! मी पैसे घेणार नाही. ही माझी चूक होती. प्रायश्चित्त म्हणून..."

"दीड दिवसनी मजुरी शे. बठ्ठासले दिधी, तुमले बी दिधी. तुमी हळू वाटतस, पण बारीक वाटतस."

नाना नोटांकडे पाहत राहिले. निवृत्तीनंतर त्यांच्या हातात कष्टाचा पैसा प्रथमच पडला होता. खात्यात नव्हे, थेट हातात. त्याचे काय करावे, हे त्यांना सुचेना. नळाचे वायसर? जावयाला काही? की एखादा शब्दकोश? आणि त्याहून भयंकर म्हणजे, त्यांच्या तोंडात चहाची आणि गरम भज्यांची तीव्र इच्छा दाटून आली. त्यांनी घाबरून भिकुबाईकडे पाहिले. ती आता विचारणार, पैसे कशात घालणार, आणि आपल्याला उत्तर द्यावे लागणार, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी मनातल्या मनात वाक्यही जुळवायला घेतले.

भिकुबाईने बटव्याची गाठ मारली.

"त्यानं काय करशात ते तुमीच ठरावा, नाना," ती म्हणाली. "मी इचारनार नही."

आणि खरोखरच तिने विचारले नाही. ती वळली आणि गार झालेली खापरे उचलून आत नेऊ लागली.